कोनचा अर्धा धवला

साताऱ्याहून सकाळी सहाच्या खासगी बसने निघाले तेव्हा पिशवीत कंदी पेढे होते आणि डोक्यात एकच काम. आमचा ओंकार तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तीन वर्षं नोकरी करतो आणि आता ती सोडून रॅप करणार म्हणतो. ते खूळ त्याच्या डोक्यातून काढायचं होतं. "चिडू नकोस, समजावून सांग," असं यांनी दारातून तीनदा बजावलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला समजावणं म्हणजे काय, ते हे मला शिकवायला निघाले होते.

चिडायची वेळ पनवेलच्या आधीच आली. तिकीट पनवेलचं, आणि बसवाल्याने कळंबोलीच्या पुलाखाली उतरवलं. "पनवेल हेच, मॅडम," म्हणाला आणि दार लावून मोकळा. चहूबाजूंनी कंटेनर, धूळ, आणि मी पेढे छातीशी धरून उभी. ओंकारचा पत्ता सांगितला तेव्हा एका रिक्षावाल्याला दया आली. "विचुंबे ना? बसा, मावशी. रोज पाच-सहा माणसं हितं अशीच उतरवतात," तो म्हणाला. रोज होतं म्हणजे चालायचंच, असा त्याचा सूर होता. मला तो सूरही आवडला नाही.

विचुंबे म्हणजे गावात घुसलेलं शहर. एका बाजूला कौलारू घरं, गोठे, शेवग्याची झाडं. दुसऱ्या बाजूला बारा मजली इमारती आणि त्यांची परदेशी नावं, जी वॉचमनलाही नीट उच्चारता येत नव्हती. ओंकार पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद. वर पोचले तर गॅलरीत त्याचा कारखान्याचा युनिफॉर्म वाळत होता. मी सवयीने हात लावला आणि नाक मुरडलं.

"तीनदा धुतलाय, आई. तो वास जात नाही," ओंकार म्हणाला.

"मग कारखान्यात सांगत नाही का कुणी?"

"कुणाला सांगायचं? सगळ्यांच्याच कपड्यांना येतो."

जेवण झाल्यावर मी विषय काढला. त्याने मला हात जोडले. म्हणाला, "आई, तू काय बोलणार ते मला पाठ आहे. आधी एक अल्बम पूर्ण ऐक. मग हवं तेवढं बोल." हिपहॉपमधला तो फार मानला जाणारा अल्बम, म्हणे. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गरीब वस्तीतल्या विशीच्या पोराने केलेला.

चटईवर बसून आम्ही तो ऐकला. पहिल्या दहा मिनिटांत शिव्या इतक्या आल्या की मी कानावर हात ठेवला. ओंकार एकेक ओळ थांबवून मराठीत सांगू लागला. त्या पोराच्या इमारतीतली लिफ्टही बंद होती. जिन्यात दिवे नव्हते. पोलीस यायचे ते मदतीला नाही, झडतीला. हळूहळू मला शिव्यांचा राग यायचा थांबला आणि त्या वस्तीचा कारभार करणाऱ्यांचा येऊ लागला. अशा जागी राहून गोड भाषेत बोलला असता तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. हे मी ओंकारला सांगितलं नाही. इतक्या लवकर कशाला हार मानायची?

पण एका गाण्यात शब्दांच्या खाली कुठलीशी बाई गात होती. दोनच ओळींचा तुकडा, पुन्हा पुन्हा तोच.

"ही कोण? आणि पुढे का गात नाही?" मी विचारलं.

"ते सॅम्पल आहे. जुन्या रेकॉर्डमधून तुकडा उचलायचा आणि त्यावर आपलं गाणं बांधायचं. पद्धतच आहे ती."

"तिला विचारलं होतं का?"

"या पोराने विचारलं की नाही, माहीत नाही. पूर्वी सगळेच विचारत होते असं नाही."

मग त्याने लाजत आपलं स्वतःचं गाणं लावलं. त्या वासाबद्दल होतं, रात्रपाळीबद्दल होतं. खरं सांगते, चांगलं होतं. वर्गात असता तर मी त्याला फळ्यासमोर उभं करून म्हणायला लावलं असतं. पण त्याच्याही खाली एक म्हातारा, खडा आवाज होता. *पाटावरी बसली दर्शना गो, हलद लागली गालाला.* पुन्हा तेच. पुन्हा तेच.

ही जवळच्या कोन गावची हिराबाय, धवलारीण. (इकडच्या आगरी लग्नांत हळदीपासून पुढचे विधी जिच्या गाण्यावर चालतात ती बाई, आणि तिची गाणी म्हणजे धवले.) ओंकारचा कारखान्यातला मित्र हर्षल कोनचा. त्याच्या बहिणीच्या, दर्शनाच्या, हळदीत ओंकारने हा आवाज मोबाईलवर टिपला होता.

"तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. वर म्हणतो, "आई, तिकडे मोठमोठे लोक असंच करतात."

माझा पारा चढला. ज्या पोराचं आपलं म्हणून काही नव्हतं त्याने उचललं तर एक वेळ समजेन. तू लग्नघरी मटणवडे जेवलास आणि यजमानांच्या घरातली वस्तू खिशात घालून आलास! मुंबईतला एकजण नव्या पोरांची गाणी एकत्र काढणार होता आणि त्याने ओंकारचं हे गाणं निवडलं होतं. नोकरी सोडायचा सगळा डोलारा ह्या एका गाण्यावर उभा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पाठवायचं होतं. "सकाळी आधी कोनला जायचं," मी सांगितलं.

स्कूटरवर मागे बसून निघाले. द्रुतगती मार्गाकडे धावणाऱ्या ट्रकांनी दोनदा आम्हाला कडेच्या मातीत ढकललं. दोन्ही वेळा मी मागून ओरडले, ऐकायला कुणीच थांबलं नाही. कोनमध्ये हर्षलच्या घराशेजारीच हिराबायचं घर. ओटीवर (पुढच्या पडवीत) बसून ती जवळा (बारीक सुकी कोळंबी) निवडत होती. सत्तरीची, काटक, नजर एकदम तीक्ष्ण. मी पेढे पुढे केले आणि पोराने काय केलंय ते सांगून टाकलं.

"वाजव रं," ती म्हणाली.

ओंकारने वाजवलं. शेजारच्या दोन बाया धावत आल्या. "गो बाय, आपली हिराबाय मोबाईलमंदी!" त्या हसून हसून बेजार झाल्या. हिराबाय हसली नाही. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"पुढं कुठं हाय?"

"पुढे तेच आहे, आजी. तोच भाग परत परत येतो," ओंकार म्हणाला.

"म्हंजे तिला हलद लावून पाटावर बसवलीस नि तशीच ठेवलीस? आरं, देव बोलवायचे, वाडवडील बोलवायचे, मंग मावशी हाताला धरून पोरीला उठवते. तवा धवला पुरा व्हतो. मी तिचं नाव घेऊन बसवलेली हाय. मधी सोडत नाय आमी. घरात मयत झाली तरी सोडत नाय." तिचा आवाज चढला. "विचारलं नाय त्याचा राग नाय मना. पोरा, आमची दर्शना तू जगासमोर पाटावर बसवून ठेवनार? जल्मभर?"

ओंकारचा चेहरा उतरला. माझा राग त्याने विचारलं नाही म्हणून होता. तिने त्याहून मोठी चूक दाखवली होती आणि ती मलाही दिसली नव्हती.

"मी पुरा गाते. वाजव कुठं वाजवायचं त्ये. पन पुरा," ती म्हणाली. हात पुसून, मांडी घालून ती गायला बसली आणि ओंकारने ते मोबाईलवर टिपलं. सतरा मिनिटं. शेजारच्या बायांनी आपोआप साथ धरली. शेवटी दर्शनाला उठवायची ओळ आली तेव्हा तिघींनी बसल्या जागी हात पुढे केले, जणू समोर पोर होती. मग आम्हाला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही.

ओंकारने ओटीवरूनच मुंबईला फोन लावला. तिकडचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. सतरा मिनिटं? तीन मिनिटांच्या वर एक सेकंद नको. "भाई, पहलावाला ही भेज ना, मस्त था."

हिराबायचा आवाज काढला तर गाण्यात खाली नुसते ठोके उरत होते. ओंकारने आदल्या रात्री करून पाहिलं होतं. त्याने हिराबायकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही पाठवत. माझं गाणं काढून टाका."

मी फोन हिसकावून घेतला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, एका पोरीला उठवायला तुमच्याकडे चौदा मिनिटं जास्तीची नाहीत का, असं विचारलं होतं. त्याला अर्थातच काही कळलं नसणार. त्याने फोन ठेवला.

दुपारी ओंकारने मला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "नोकरी नाही सोडत, आई. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे." मी बरं म्हटलं. बस घाट चढू लागली आणि मला कळेना की कुणावर चिडावं. हिराबायचं खरं होतं. पोराने त्याचं एकुलतं एक चांगलं गाणं मोडलं, तेही बरोबर केलं. त्यात त्या वासाबद्दलचं जे कुणीतरी ऐकायला हवं होतं ते मात्र कुणीच ऐकणार नव्हतं, आणि उद्या सकाळी तो तोच युनिफॉर्म घालणार होता. मी जे मागायला गेले होते ते सगळं मला मिळालं होतं.

घरी पोचले तर हे दारातच. "सोडत नाही ना नोकरी?"

"नाही."

"मग चिडलीस कशाला?"

"म्हणूनच," मी म्हटलं.