अप्पांचं नाक

काशिनाथअप्पांनी वीस वर्षं वाइन केली आणि तिचा एक थेंबही कधी जिभेला लावला नाही. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग होतं, दारू वर्ज्य. "आंबस्तोर माझं, आंबलं की तुमचं," असं म्हणून ते मिशीत हसत.

धारूरच्या माळावरच्या आमच्या लहानशा वायनरीत मी केमिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा मला हे थोतांडच वाटलं होतं. आठवडाभरात माझा तोरा उतरला. इकडच्या उन्हात शिराझ जातीचं द्राक्ष झपाट्याने गोड होतं. साखर पुरेशी झाली, तोडा, असं माझं यंत्र सांगे. अप्पा एक मणी तोंडात टाकून बी चावत आणि मान हलवत. "बी अजून कच्ची हाय. ऊन साखर देतं ताई, शहाणपण न्हाई देत." बी तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली, की दुसऱ्या पहाटे तोडणी.

रस आंबायला लागला की साली वर येऊन जाड थर धरतात. अप्पा लाकडी दांड्याने तो थर दिवसातून चारदा खाली दाबत, मग ओंजळभर रस नाकाशी धरून निकाल देत. मिरी आणि पिकल्या जांभळाचा वास आला की स्वारी खूश. कुजक्या अंड्याचा आला तर, "दम कोंडलाय तिचा, हवा द्या." त्यांनी 'ठीक हाय' म्हटल्यावर टाकी तपासणं मला उद्धटपणाचं वाटू लागलं. तिथेच माझं चुकलं.

गेल्या हंगामाआधी अप्पा तापाने दोन आठवडे अंथरुणाला खिळले होते. परत आले ते वाळून. पण कामात कसूर नव्हती. एके सकाळी दुसऱ्या टाकीपाशी माझ्या नाकाला नेलपॉलिशसारखा उग्र वास झोंबला. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी ओंजळ नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ नाकाशी धरली.

"मिरी लई छान आलीय, ताई."

मी माझ्याच नाकाला वेड्यात काढलं.

चार दिवसांत त्या टाकीतली सगळी वाइन आंबट होऊन तिचा शिरका झाला. मालक काही बोलायच्या आतच अप्पांनी दांडा भिंतीला टेकवला. "मालक, तापापासून मला कशाचाच वास येत न्हाई. सांगणार व्हतो. पर नाक गेल्यावर माझं हितं काय काम?"

"अप्पा, एक घोट घेतला असता तरी कळलं असतं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"दोनदा पेला उचलला व्हता, ताई. ओठापातूर आला न्हाई."

मालकांनी राहा म्हणून खूप विनवलं. अप्पा थांबले नाहीत.

दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेले. मनावरचं ओझं असह्य झालं होतं, म्हणून सगळं सांगून टाकलं: त्या सकाळी मला वास आला होता, पण अप्पांचा अपमान होईल म्हणून मी गप्प बसले.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते चार दिवस घरी आले की हेच म्हणायचे. ताईला वास आलाय. उद्या ती इचारंल. तिनं इचारलं, की सांगून टाकतो."