रवुंडाना मामा

रवुंडाना मामा रस्ता ओलांडताना गाड्यांकडे कधी बघत नसत. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघत. वेष्टीचा सोगा डाव्या हातात, उजवा हात मोकळा आणि नजर समोरून येणाऱ्या माणसावर रोखलेली. मोपेडवाला असो की टाऊन बसचा ड्रायव्हर, नजरेला नजर मिळाली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. "गाडीला लाज नसते गे, माणसाला असते. म्हणून माणसाकडे पाहावं," असं ते मला सांगत. मीही एकदा करून पाहिलं. एका ऑटोवाल्याने माझ्यासमोर ऑटो थांबवून कुठे जायचंय म्हणून विचारलं, तेव्हापासून मी तो नाद सोडला.

आमच्या तंजावुरात चौकातल्या गोलाला सगळेच रवुंडाना म्हणतात. पेठेच्या तोंडाशी पाच रस्ते येऊन मिळतात, तिथला रवुंडाना हा मामांच्या म्हातारपणाचा उद्योग होता, म्हणून हे नाव. शेजारी म्हणून त्यांचं सगळं ऐकून घेणं हा माझ्या म्हातारपणाचा उद्योग होता, त्याला मात्र कोणी नाव दिलं नाही.

नोकरीभर ते कावेरीच्या कालव्यांवर ओव्हरसीयर होते. त्यामुळे रहदारीकडे ते पाण्यासारखंच बघत. पोलीस उभा करा, पाट्या लावा असं कोणी म्हणालं की वैतागत. "पाण्यावर ओरडून काय होणार? काठ बदला, पाणी आपसूक वळतं." रस्त्यांची तोंडं फार रुंद आहेत, म्हणून गाड्या वेग न मोडता गोलात घुसतात, हे त्यांचं म्हणणं. तोंडं अरुंद करायची, वळण आवळायचं, पायी जाणाऱ्यांची वाट गोलापासून जरा मागे घ्यायची आणि प्रत्येक रस्त्याच्या मधोमध दोन माणसं उभी राहतील एवढा ओटा बांधायचा. घरी आलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. कॉफीचा टंबलर म्हणजे रवुंडाना आणि चमचे म्हणजे रस्ते. एकदा टंबलर मांडला की तो हलवायची सोय नसे, त्यामुळे त्या घरात मी गरम कॉफी फारशी प्यायले नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मामी होत्या. रवुंडान्याच्या पलीकडे पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, लहानसं देऊळ आहे. मामी रोज सकाळी तिथे एकट्या जात. पुढे काचबिंदूने नजर अधू झाली, आणि एका सकाळी मोपेडचा धक्का लागून त्या रस्त्यात पडल्या. हाड मोडलं नाही, पण एकटीने जाणं सुटलं. मामा हात धरून न्यायला लागले. कोणालाही यात गोडच वाटेल, पण मामी मनातून चिडलेल्या असत. "देवाला कांहीं सांगावं म्हंटलं तर हे शेजारी उभे. यांचीच गाऱ्हाणी यांच्यासमोर कशी सांगूं?" असं त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या होत्या. हे मामांच्याही कानावर गेलं असावं. कारण मग ते म्हणू लागले, "मला पाहता येतं, मी कुठूनही जाईन. जिला पाहता येत नाही ती एकटी गेली पाहिजे. तोवर तो रस्ताच नव्हे."

मग नगरपालिकेच्या कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. तिथला साहेब बदलला की मामा पुन्हा पहिल्यापासून सांगत, टंबलरसकट. मला तर ऐकूनच थकवा येई. शेवटी एक तरुण इंजिनीअर बाई आल्या. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "मामा, आधी रस्त्यावर नुसती आखणी करून दाखवा. गाड्या हळू झाल्या तर मी पुढे मांडते."

दिवस मार्गळीचे होते, पोंगलच्या आधीचा महिना. या महिन्यात आमच्याकडे पहाटे दारोदार मोठमोठी कोलमं, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, घालतात आणि त्यात भोपळ्याची फुलं खोचतात. मामांना वाटलं, चुना कशाला, हे हात आहेतच की. त्यांनी गल्लीतल्या आम्हा बायकांना गोळा केलं. पहाटे ते दोरी धरत आणि आम्ही तांदळाच्या पिठाने जिथे नवा काठ यायचा तिथे रुंद पट्ट्याचं कोलम घालत असू. कमरेचे टाके ढिले झाले, पण खोटं कशाला सांगू, मजाही आली.

आणि जादू झाली. मोपेडी हळू झाल्या, ऑटो वळसा घालून जाऊ लागले. टाऊन बसच्या ड्रायव्हरनेसुद्धा चाकं अगदी जपून काढली. इंजिनीअर बाई दोन-तीनदा येऊन पाहून गेल्या. त्याच आठवड्यात एके सकाळी मामी एकट्या निघाल्या. मामा पानाच्या दुकानाआड लपून बघत होते. त्या पलीकडे पोचल्या तेव्हा या माणसाने भर रस्त्यात मला हात जोडले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी उगाच पिठाचा डबा झाकत बसले.

पोंगल झाल्यावर कचेरीने त्याच मापाचे पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले. ते टिकले, तर दगडी काठ बसवायचा होता. पहिल्याच सकाळी टाऊन बस त्या पट्ट्यावरून सरळ निघून गेली. मागून ऑटो गेले, मोपेडी गेल्या, शाळेला उशीर झालेल्या सायकली गेल्या. पुन्हा सगळं पूर्वीसारखं.

मामा दुपारी आमच्या तिण्णैवर, दारच्या कट्ट्यावर, येऊन बसले. मग म्हणाले, "माझ्या रेघेसाठीं कोण्ही थांबलं नव्हतं गे. दारातल्या लक्ष्मीवर चाक कसं घालावं म्हणून थांबले. इतकी वर्षं या गांवांत राहून मला हें कळूं नये?" कळायला हवं होतं ते आम्हालाही. कोलमावर पाय पडू नये म्हणून आम्ही स्वतःच्या दारातून अंग चोरून जाणाऱ्या बायका, पण आमच्यातही एकीच्या डोक्यात ते आलं नाही. दगडी काठ असता तर गाड्या वळल्याच असत्या, हे मामा शेवटपर्यंत सांगत राहिले. पण कचेरीत आता 'करून पाहिलं, जमलं नाही' एवढंच उरलं होतं. इंजिनीअर बाईंचीही बदली झाली.

मग बारा महिने कोलमच घालू, असं आम्ही म्हटलं, आणि काही दिवस घातलंही. मार्गळी सरली होती, पहाटे आमच्याशिवाय रस्त्यात कोणी नसे. एकदा भाजीचा टेम्पो माझ्या पदराला चाटून गेला. मामांनी त्याच क्षणी माझ्या हातातला डबा काढून घेतला. "पुरे. एकीला पलीकडे धाडण्यासाठीं दुसरीला रस्त्यांत बसवूं मी? सरि, संपलं हें." त्यानंतर त्यांनी पुन्हा टंबलर मांडला नाही. मी कॉफी गरम प्यायला लागले, आणि ती मला गोड लागेना.

पुढे रस्त्यांचं डांबरीकरण झालं, तेव्हा देवळाकडच्या रस्त्याच्या मध्यावर एक ओटा बांधला गेला. मामांच्या साऱ्या बेतातलं एवढंच हाती लागलं, तेही निम्मं. त्यांनी दोन माणसांपुरता मागितला होता. झाला तो एकापुरता. मग रोज सकाळी ते मामींना त्या ओट्यावर चढवून उभं करत आणि स्वतः खाली, गाड्यांच्या बाजूला उभे राहत. त्यांच्या सदऱ्याला घासून गाड्या जात. "तुम्ही वर या," मामी म्हणत. "जागा नाहीं," मामा म्हणत. हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला त्याचा कंटाळा यायचा.

या पावसाळ्यात मामांच्या छातीत कफ भरला आणि आठवडाभराच्या तापाने ते गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर मामी रस्त्याच्या मधल्या ओट्यावर एकट्याच उभ्या. हातात फुलांची पिशवी, दोन्ही बाजूंनी गाड्या. मी काठावरून ओरडले, "मामी, हलूं नका, मी येतें हात धरायला!"

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "नको गे, येऊं नको," त्या म्हणाल्या. "इथे एकाचीच जागा आहे. मला आतां पुरते."

मी जागीच थांबले. एक बस गेली, दोन ऑटो गेले, मग थोडी फट पडली. मामी ओट्यावरून उतरल्या, पलीकडे पोचल्या आणि देवळात शिरल्या. मामांना एवढंच तर पुन्हा बघायचं होतं. ते बघायला तिथे मी होते, ते नव्हते. भर रस्त्यात भाजीची पिशवी धरून मी रडले.