लेकीबरोबर वाळूतली वाट

मुलीचं मेलबर्नला शिकायला जायचं नक्की झालं, तेव्हा मी तिला विचारलं, जाण्याआधी तुला काय करायचंय? मला वाटलं, साताऱ्याला मामाकडे जाऊन येऊ म्हणेल. तिला वाळवंटातून चालायचं होतं, अनेक दिवस, पाठीवर सामान घेऊन. आणि मी बरोबर हवी होते. तिच्या बाबांनी गुडघ्यांकडे बोट दाखवून अंग काढून घेतलं.

आम्ही राहतो त्या आखातात, हिवाळ्यात लिवाच्या वाळवंटाच्या बाजूला एक ग्रुप अशा लांबच्या चालीला जातो. म्होरक्या एक केरळी गृहस्थ, एरवी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात अकाउंट्स बघणारे. पाणी तेवढं ठरलेल्या ठिकाणी जीपमधून यायचं, बाकी सगळं आपल्या खांद्यावर.

पहिले दोन दिवस मी फक्त खांद्यांचाच विचार केला. मग सवय झाली. पहाटे तंबूचं कापड दवाने ओलं असायचं. म्होरके तंबूंमधून फिरत हळूच ‘यल्ला’, चला, म्हणायचे. दूध पावडरचा चहा घेऊन आम्ही निघायचो. टेकडीच्या धारेवर वाळू घट्ट लागते, उतारावर मात्र पाय रुतून मागे सरकतो. दुपारी ताडपत्री बांधून तिच्या सावलीत पडायचं, बूट झटकायचे. संध्याकाळी छोट्या गॅसवर भात शिजायचा. मी मेतकूट नेलं होतं. लेक ते घरी कधी खायची नाही, तिथे मागून घ्यायची.

चालताना मी साताऱ्याबद्दल बोलत राहायचे. अजिंक्यतारा, कॉलेजची मैत्रीण, संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे. बोलण्यात ‘आपल्या घरी’ हे शब्द सारखे यायचे. इतकी वर्षं इथे शहरात, अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये राहून मी त्याला कधी घर म्हटलं नव्हतं. तो नेहमी ‘फ्लॅट’च.

एका दुपारी तिच्या टाचेला मोठा फोड आला. मी तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी लावत होते आणि नेहमीसारखी साताऱ्याचं काहीतरी सांगत होते. ती मध्येच म्हणाली, “आई, दॅट्स युअर होम. माझं हे आहे.”

मी म्हटलं, सुट्टीत येशीलच की इथे.

“बाबांची नोकरी आहे तोपर्यंत. मग तुम्ही साताऱ्याला जाणार. देन व्हेअर डू आय कम बॅक टू?”

रडत नव्हती ती. समोरच्या टेकडीकडे बघत होती. मला निदान परत जायला गाव होतं; तिचा जन्म इथला, शाळा इथली, आणि राहायचं ते कुणाच्या तरी व्हिसावर. मी पट्टी नीट बसवली आणि पाय तसाच मांडीवर राहू दिला. त्या दिवशी मग मी तिला तिच्याच लहानपणाचं विचारत राहिले, आणि ती बोलत राहिली. बिल्डिंगखालची ग्रोसरी, शाळेच्या बसमधली खिडकीची जागा, उन्हाळ्यात हात लावला की भाजणारी घसरगुंडी. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

शेवटी डांबरी रस्ता दिसला. गाड्या उभ्या होत्या, सगळे फोटो काढत होते. ती आमच्याकडे पाठ करून वाळूत बसून राहिली. मी हाक मारली, तर म्हणाली, पाच मिनिटं. मग मीही तिच्याशेजारी जाऊन बसले.

आता ती तिकडे असते. यांची निवृत्ती जवळ आली आहे. साताऱ्यातली जागा तयार आहे आणि हे मला फरश्यांचे फोटो दाखवतात. मी म्हणते, पुढचा हिवाळा इथेच काढू, मग बघू. ते विचारतात, तुलाच तर जायची घाई होती ना? सुट्टीच्या दिवशी ते मला शहराबाहेर वाळूपर्यंत नेतात आणि गाडीत पेपर वाचत बसतात. मी थोडी चालते. कधी तिचा व्हिडिओ कॉल येतो. कॅमेरा फिरव म्हणते. मी फिरवते, आणि दोघी तीच वाळू बघत राहतो.