सहावा रकाना

आमच्या कार्यालयात चार खिडक्या. चौथीत मी, तिसरीत ताई. ताईंचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांना त्या तीन नंबरच्या ताई. माझ्या खिडकीपुढे चिटपाखरू नसलं तरी लोक त्यांच्याच रांगेत उभे राहायचे. मला राग यायचा. मी काय लोकांना चावते? पण ताई समोरच्याला आधी "बसा" म्हणायच्या आणि मी आधी "कागद दाखवा" म्हणायचे, एवढा फरक होता खरा.

काम आमचं बालनोंदीचं. पोलीस ठाणं, दवाखाना, अनाथाश्रम, कुठंही एखाद्या लहान मुलाचं प्रकरण आलं की तिथला माणूस एक फॉर्म भरतो, तो आमच्याकडे येतो आणि आम्ही तो कॉम्प्युटरवर चढवतो. कायदा बारा वर्षांपूर्वीचा. मी कुरकुरी बाई आहे, पण तो कायदा वाईट आहे असं म्हणणार नाही. कुठल्याही मुलाची नोंद उघडायची तर आधी कारण लिहायचं. कोणी, कधी, कशाला उघडली ते मशीन टिपून ठेवतं. बाहेरच्याला एक अक्षर सांगायचं नाही. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की नोंद पुसायची, फॉर्मसुद्धा नष्ट करायचा, म्हणजे लहानपणचं काही त्याच्या मानगुटीवर बसू नये. अपवाद एकच. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची नोंद पंचविसाव्या वर्षापर्यंत राहते, आणि जिथं रुग्णांची किंवा मुलांची देखभाल करायची असते अशा संस्था आम्हाला विचारू शकतात. आम्ही फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळवतो. कशाची नोंद, ते नाही.

ताई या कायद्याच्या इतक्या पक्क्या की साहेबसुद्धा अडलं की त्यांनाच विचारायचे. टायपिंग शिकून विसाव्या वर्षी सरकारी नोकरीला लागल्या, दोन-तीन खाती फिरून या खिडकीवर आल्या, लग्न घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी झालं, मूलबाळ झालं नाही. घड्याळवाले दिवसभर दुकानात मान खाली घालून बसणार आणि ताई इथं. संध्याकाळी दोघं एकमेकांची मान चोळून देतात, असं त्यांनी एकदा हसत सांगितलं होतं. मला सगळं काम त्यांनीच शिकवलं. चुकले तर माझ्या अंगावर ओरडल्या नाहीत. नुसता फॉर्म परत समोर सरकवायच्या. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

आणि त्यांनीच मला सहाव्या रकान्याचं शिकवलं.

फॉर्मवरचा सहावा रकाना म्हणजे 'मुलाचा प्रकार'. पर्याय चार: गुन्ह्यात सापडलेले, हरवलेले, टाकून दिलेले, कामावर जुंपलेले. पुष्कळदा हा रकाना कोराच यायचा. आणि तो भरल्याशिवाय मशीन हूं की चूं करत नाही, पुढचं पानच उघडत नाही. नियमाप्रमाणे असा फॉर्म ज्याचा त्याला परत पाठवायचा. सुरुवातीला पाठवले. एकही परत आला नाही. इकडे ढीग वाढला, साहेबांनी आमच्या डोक्यावर मिरे वाटायला सुरुवात केली. मग ताईंच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाने युक्ती काढली: पहिला पर्याय दाबायचा आणि पुढं जायचं, दुरुस्ती नंतर करू. नंतर कोण करतंय! ताईंनी ती युक्ती उचलली, ताईंकडून मी. कायद्यात इतक्या पक्क्या बाई, पण बोट सवयीने पहिल्या पर्यायावर जायचं. पहिला पर्याय कोणता, ते वर लिहिलंय. पुन्हा लिहायला लाज वाटते.

त्या सोमवारी तिसऱ्या खिडकीपुढे एक मुलगी आणि तिची मावशी येऊन उभ्या राहिल्या. मुलीला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. नर्सिंगच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता आणि आता शाळेचं पत्र आलं होतं की तुमच्या नावावर नोंद आहे. शुक्रवारी चार वाजेपर्यंत खुलासा आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. मावशी बिचारी तावातावाने सांगत होती की आमची पोर कधी कुणाच्या वाटेला गेली नाही. मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, मी पळाले होते ना घरातून. तेच असेल."

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की मीही टाइप करायची थांबले. मग मावशीनेच सांगितलं. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रात्री बापाने आईला बेदम मारलं, ती चार दिवसांनी दवाखान्यातच वारली. त्यानंतर मावशीने पोरीला आपल्या घरी आणलं. त्या रात्रीबद्दल मुलीने कधी तोंड उघडलं नाही, मावशीनेही कधी खणून काढलं नाही. मुलीला एवढंच आठवत होतं की आई ओरडत होती आणि आपण दार उघडून पळालो. आईला टाकून पळालो, असं ती दहा वर्षं मनात घेऊन बसली होती.

ताईंनी ओळखपत्र घेतलं, अर्ज लिहून घेतला, कारण टाकलं आणि नोंद उघडली. मी शेजारून त्यांचा चेहरा पाहिला. नोंदीच्या तळाशी ती कोणी भरली त्याचा क्रमांक असतो. तो त्यांचाच होता. त्यांनी मुलीला पाणी दिलं, शुक्रवारच्या आत बघते म्हणाल्या आणि किल्ल्या घेऊन कागदांच्या खोलीत गेल्या. तासाभराने बाहेर आल्या त्या फॉर्म छातीशी धरूनच. सहावा रकाना कोरा होता. पण त्यांनी फॉर्म उलटून पाहिला होता. आम्ही कधीच उलटायचो नाही. मशीनवर फॉर्मची पुढची बाजूच आहे, मागं काही असेल असं कधी मनातही आलं नाही.

"मागं बघ," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, माझ्याकडे अर्ज नाही, मला ती नोंद बघायचा अधिकार नाही. नियम सांगितला मी त्यांना!

आता घोडं कुठं अडलं ते सांगते. दुरुस्तीला नव्वद दिवस लागतात. लगेच दुरुस्ती करायची एकच वाट आहे: ज्याने नोंद भरली त्याने लिहून द्यायचं की मी ती आधाराशिवाय भरली. पण उद्या कोणी आपल्या भाच्याचा खराखुरा गुन्हा पुसायला असंच लिहून देईल, म्हणून कायद्याने पाचर मारून ठेवलीय. दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने सहीनिशी सांगायला हवं की हो, इथं असं होत होतं, मला माहीत आहे. आणि असं लिहून दिलं की दोघांचीही चौकशी आपोआप लागते.

ताईंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. साहेबांनी त्यांना आत बोलावून समजावलं, मशीनचा दोष म्हणून कळवू, नव्वद दिवसांत होईल ते होईल, तुम्ही कशाला विस्तवात हात घालता. ताईंनी ऐकून घेतलं आणि मंगळवारी सकाळी आपलं निवेदन लिहून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या सहीची जागा मोकळी. पहिल्या दोन खिडक्यांतली पोरं परवा लागलेली, त्यांना जुनं काही माहीत नाही. राहिलं कोण? मी.

त्यांनी मला विचारलं नाही. एका शब्दाने नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, माझ्या दोन लेकरांच्या शाळा सांगितल्या असत्या, नवऱ्याचं आजारपण सांगितलं असतं, आणि नाही म्हणून मोकळी झाले असते. त्या न विचारता काम करत राहिल्या आणि इकडे माझा डबा तसाच घरी परत जायला लागला. मनातल्या मनात मी त्यांच्यावर जळफळत होते. मोठ्या आल्या सत्यवादी! स्वतः शिकवायचं आणि स्वतःच कबूल व्हायचं, वर मी मधल्या मध्ये लटकायचं. बुधवारी मी त्यांच्याशी बोललेच नाही. गुरुवारी उगाचच एका म्हाताऱ्या गृहस्थांवर डाफरले.

मावशी आणि मुलगी रोज यायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या. शुक्रवारी दहा वाजता मी चहाला उठले तर मुलगी माझ्यामागे आली. मला वाटलं आता रडणार, हातापाया पडणार. तसलं काही नाही. ती म्हणाली, "होणार नसेल तर स्पष्ट सांगा. मी दुकानात परत कामाला लागेन. पण मावशीला दिवसभर बाकावर बसवून ठेवू नका, तिचे पाय सुजतात."

मी तिला काय सांगणार होते? होणार नाही, कारण मी भित्री आहे, हे? चहा तिथंच टाकून आत आले, ताईंच्या टेबलावरचा कागद ओढला आणि सही केली. इतकी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली. वर तडकून म्हटलं, "आता तरी तोंड उघडा, चार दिवस मुकाट बसलाय." ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मग कागद उचलला आणि साहेबांकडे गेल्या.

चौकशीचं पुढं जे व्हायचं ते झालं. ताईंना खिडकीवरून काढून कागदांच्या खोलीत बसवलं आणि शेवटचे आठ महिने त्यांनी तिथंच काढले, सेवापुस्तकात शेरा घेऊन. मला ताकीद मिळाली. पण ताईंनी त्या आठ महिन्यांत जुना एकेक फॉर्म उलटून पाहिला, चौकशीनेच तसा आदेश काढला होता, आणि कोरा रकाना दिसला की नोंद दुरुस्तीला पाठवली. त्यात माझ्या क्रमांकाच्याही निघाल्या. पुष्कळ निघाल्या. त्या वेळी मी कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

पण शुक्रवारचं सांगायचं राहिलं. साहेबांनी बाराला मंजुरी दिली, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून. ताईंनी रकाना दुरुस्त केला, 'नोंद नाही' असं पत्र छापलं आणि मुलीला खिडकीच्या आतल्या बाजूला, आमच्याजवळ बोलावलं. कायद्याप्रमाणे ही नोंद आता पुसायची होती आणि फॉर्म नष्ट करायचा होता. पण पुसण्याआधी ज्याची नोंद आहे त्याला ती वाचायचा हक्क आहे, प्रत मागायचा हक्क आहे. हे आम्ही कुणाला कधी सांगत नव्हतो. कुणी विचारत नव्हतं, म्हणून सांगत नव्हतो.

ताईंनी फॉर्म उलटा करून तिच्यापुढे ठेवला. पोलिसाचं बारीक अक्षर होतं. चारांतला एकही पर्याय त्याला पटला नसावा, म्हणून रकाना सोडून त्याने मागं लिहिलं होतं. मुलीने मनात वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मग ताईंनी हळू आवाजात वाचलं.

"मुलगी एकटी ठाण्यात आली. पायात मोठ्या माणसाच्या चपला. म्हणाली, आई उठत नाही, गाडी पाठवा. तिला घेऊन घरी गेलो. आई जिवंत होती, शुद्धीवर होती. मुलगी आईचा हात सोडेना, म्हणून तिलाही गाडीत सोबत नेलं."

मुलीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे मी परत गेले होते?" तिने विचारलं.

"हो बाळा," ताई म्हणाल्या. "परत गेली होतीस. आईने तुला पाहिलं होतं."

मुलगी रडली तेव्हा ताई रडल्या, आणि मी, जिला लोक खडूस म्हणतात, मी सगळ्यांत मोठ्याने रडले. मग ताईंनी डोळे पुसून प्रत काढली, शिक्का मारला, नोंद पुसली. पडद्यावर त्या मुलीचं काही उरलं नाही. चारच्या आत शाळेत पोचायचं म्हणून मी त्यांना घाई करत होते, पण मावशीला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चष्मा घरी राहिला होता. ती बाकावरून उठायलाच तयार होईना. मग मुलीने तिच्या सुजलेल्या पायांशी बसून तो कागद तिला वाचून दाखवला, आणि मावशी पुन्हा वाच म्हणाली.