बसला की पडला

चौदा डिसेंबर. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मावळ्यांचे बारा अंगरखे शिवायचे होते, त्यातला नववा मशीनवर होता. भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे आणि डिसेंबरात मला मान वर करायला फुरसत नसते. साडेअकराच्या सुमारास माहेराहून, वरकुट्याहून, बबनतात्यांचा फोन आला. हे आमचे शेजारी. एरवी फोन लावला की थेट भांडणावर येतात. त्या दिवशी त्यांनी आधी विचारलं, "आक्का, जेवलीस का?" तेव्हाच मी पायडलवरचा पाय काढला. माझा धाकटा भाऊ दत्तू गेला होता. पन्नाशीही गाठली नव्हती.

"सकाळचा ओट्यावर बसला हुता," तात्या म्हणाले. "जाताना राम राम घातला, त्यानं घेतला न्हाय. येताना बी तसाच. मला वाटलं, बसलाय गं..."

मी हातातली बाही पुरी केली, मशीनवर कापड टाकलं आणि निघाले. बाही पुरी केली हे नंतर कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे जरा निराळं बघतात. पण अर्धी बाही सोडून उठायची मला सवय नाही. दत्तूच्या बाबतीत मात्र मी एक गोष्ट अर्धीच सोडली होती, आणि ती केवढी होती हे मला तो गेल्यावर महिन्याने कळलं.

आमच्या घरात राखण हाच धंदा. आबा मेंढरं राखायचे. मेंढरं गेली, शेती आली, तेव्हा आम्ही दोघं ज्वारीतली पाखरं राखायला माळ्यावर. गोफण दत्तूची चालायची. माझा दगड नेहमी मागे जायचा. पुढे तो फौजेत गेला, सतरा वर्षं सीमा राखली, हवालदार होऊन परत आला, आणि घरी बसायचं वय नव्हतं म्हणून एका खाजगी सुरक्षा कंपनीत लागला. काम मालवाहू बोटींवर हत्यारबंद पहाऱ्याचं. आफ्रिका आणि अरबस्तानाच्या मधल्या समुद्रात चाचे छोट्या वेगवान होड्यांतून येतात, शिड्या लावून वर चढतात आणि बोटीसकट खलाशांना धरून नेतात. तो टप्पा पार होईपर्यंत दत्तूसारखे चार माजी फौजी बोटीवर राहायचे, आणि धोका सरला की पुढच्या बंदरात उतरायचे. आमच्या दुष्काळी गावात हे समजावता समजावता त्याला घाम फुटायचा. सगळ्यांसमोर तात्या विचारायचे, "व्हय रं दत्तू, समुद्राचं पाणी चोरतात म्हणं?" त्यावर हा म्हणायचा, "पाणी न्हाय तात्या, पाणी तुमी चोरता. तितं आख्खी बोटच नेतात." कालव्यात तात्यांचा पाइप कुठल्या झुडपाआड बुडवलेला असतो हे गावाला पाठ होतं, त्यामुळे हसणं तात्यांच्याच पदरात पडायचं.

बोटीवरच्या गोष्टी तो मजेने सांगायचा. पहिल्या फेरीत ओकून ओकून अर्धा झाला होता. पण दुसऱ्या फेरीत त्याला मान मिळाला तो बुजगावण्यांमुळे. माणसं थोडी आणि बोट लांबच लांब, म्हणून खलाशांच्या जुन्या बॉयलर सुटांत, म्हणजे त्या अंगभर एकसंध नारिंगी कपड्यांत, चिंध्या कोंबून पुतळे करतात आणि कठड्याला उभे बांधतात. लांबून वाटावं, जागोजाग पहारा आहे. इतरांचे पुतळे पोत्यासारखे दिसायचे. दत्तूचे एक खांदा उतरवून, मान किंचित वळवून उभे राहायचे. त्यांना त्याने गावातली नावं दिली होती. "मागच्या अंगाला बबनतात्याला उभा केलाय," तो फोनवर सांगायचा. "काम कायबी करत न्हाय, पर हाय आसं वाटतंय." एकदा येताना तो असलाच एक बॉयलर सूट घेऊन आला. गुडघे फाटले होते. मी ठिगळं लावून दिली, आणि वरकुट्याच्या आमच्या ज्वारीत तो नारिंगी गडी उभा राहिला.

मग सहा वर्षांपूर्वी तो एका फेरीवरून आला आणि परत गेलाच नाही. रक्तदाब वाढलाय म्हणाला. मला ते पटलं नाही. हातात कसब असलेल्या माणसाने घरी बसावं हे मला कधीच पटलेलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. त्यानंतर आठवडाभराने तो दुकानात आला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, कातरी घेतली आणि तयार ब्लाउजांचे लोंबते दोरे कापू लागला. लहानपणापासून त्याला काही सांगायचं असलं की आधी हाताला काम लागायचं. मला हे ठाऊक होतं. तरी मी कामावरून डोळे काढले नाहीत.

सांगितलं त्याने थोडक्यात. भर दुपारी एक होडी सरळ अंगावर आली. नियमाप्रमाणे भोंगा वाजवला, बंदुका वर धरून दाखवल्या, तरी ती येतच राहिली. मग पाण्यात गोळ्या मारल्या. दुसऱ्यांदा मारल्यावर होडी वळली. वळताना त्याने दुर्बिणीतून बघितलं तर आत जाळ्यांचा हिरवा ढीग होता. आपली जाळी बोटीखाली येऊन कापली जाऊ नयेत म्हणून मासेमारही असे आडवे येतात, हे त्याला माहीत होतं. होडीच्या टोकाला एक माणूस उभा होता. मग तो उभा नव्हता.

"आक्का," तो म्हणाला, "लांबनं बघताना माणूस बसला का पडला, कळतंय का गं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी विचारलं, कंपनी काय म्हणाली? तो म्हणाला, नियमानं झालंय म्हणाली, कागद झाला. मी म्हटलं, "मग झालं तर. सोड आता ते. मला अजून चौदा काजं करायचीत."

त्याने मान हलवली. उरलेले दोरे कापले, कातरी जागेवर ठेवली, चहा घेतला आणि एसटी धरली. हा विषय त्याने माझ्याशी पुन्हा काढला नाही. विषय संपला, असंच मी धरून चालले.

शेतातल्या त्या गड्यावरून मात्र मी त्याची यथेच्छ टर उडवली. ज्वारी काढून झाली, कडबा घरी आला, रान नांगरलं, तरी बुजगावणं उभंच. वाऱ्याने पडलं की हा ताटावरून उठून जायचा, पहारीने खड्डा खोल करायचा आणि ते पुन्हा उभं करून यायचा. एकदा पाहुण्यांची पंगत बसली होती आणि हा अर्ध्या भाकरीवर उठला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काळ्या रानात काय ढेकळं राखतोस का?" पाहुणे हसले. तोही हसला. "पडलेला दिसतोय गं लांबनं," एवढंच म्हणाला आणि गेला. मी त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. मी नीटनेटकी बाई आहे, ताटावर झाकण ठेवते...

जानेवारीत महिन्याच्या दिवसाला वरकुट्याला गेले. नैवेद्य झाला, माणसं पांगली, आणि संध्याकाळी सुनंदा, माझी भावजय, मला रानात घेऊन गेली. ज्वारी दाण्यात आली होती आणि पाखरांचे थवे उतरत होते. नारिंगी गडी सरीत पालथा पडला होता.

"वन्सं, मला त्याला हात लाववंना," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमी बरं केलं पर. सगळं ऐकून घेतलं त्यांचं."

मी विचारलं, काय ऐकून घेतलं?

"ते होडीचं. मला कधी धड सांगितलं न्हाय. मी लई इचारलं तर म्हणायचे, आक्कापाशी बोललोय, आता कुणापाशी बोलायचं न्हाय."

आक्कापाशी बोललोय. चौदा काजांच्या वेळात जे काय बोलून झालं असेल ते. मी वाईट उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. "नाही कळत रे, दत्तू" एवढं म्हटलं असतं तरी तो पुढचं बोलला असता. आणि खरं उत्तरही तेच होतं. तो स्वतः ओट्यावर बसल्या बसल्या गेला, तेव्हा बारा हातांवरून बबनतात्यांना तरी कुठे कळलं? तात्या महिनाभर तोंड लपवून फिरत होते. मी त्यांना म्हटलं, तुमचा दोष नाही. ते वाक्य मला फार पटकन आणि फार सोपं सुचलं. सहा वर्षं आधी, दुकानात, ते का सुचलं नाही हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी दाभण आणि सुतळी घेऊन रानात गेले. गड्याला झटकलं. कमरेत आणि गुडघ्यांत आडव्या शिवणी मारल्या, म्हणजे कापड वाकतं. मग त्याला बांधावरच्या दगडावर, आबा जिथे बसायचे तिथे, खुंटाला टेकवून बसवलं. सुनंदा म्हणाली, "वन्सं, बसलेल्याला पाखरं भ्यायची न्हाईत." मी म्हटलं, नाही भ्याली तर नाही. तिच्याकडून दत्तूची दुर्बीण मागून घेतली आणि कालव्याच्या भरावापर्यंत चालत गेले. दुर्बिणीतून बघितलं, तर बसलेला दिसला. मग दुर्बीण खाली घेतली. नुसत्या डोळ्यांना एक नारिंगी ठिपका दिसत होता, आणि तो कसा आहे ते कळत नव्हतं.

परत आले. माझी नऊची एसटी होती, दुकानात दोन गिऱ्हाइकं यायची होती. ओट्यावर सुनंदाच्या शेजारी बसले आणि म्हटलं, होडीचं मला ठाऊक आहे तेवढं सांगते. मग तू सांग, तो तुझ्यापाशी काय काय म्हणायचा ते. मग तिने सुपात ज्वारी घेतली, आणि निवडता निवडता बोलू लागली. नऊची एसटी गेली. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.