नाडीवरची दोन बोटं

दादांनी मनगट धोतराच्या सोग्याला पुसलं. एकदा नाही, दोनदा. क्षणापूर्वी त्याच मनगटावर माझी दोन बोटं होती.

एमबीबीएसचं पहिलं वर्ष. कॉलेज बदनापूरकडचं, शेतांच्या मधोमध. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली पाच कुटुंबं दत्तक देतात. तीन वर्षं त्यांच्या घरी जायचं, वजन, बीपी बघायचं, वहीत लिहायचं. मला मिळालेलं पहिलं घर सरपंचाच्या चुलत्यांचं. सारं गाव त्यांना दादा म्हणतं. मी ओसरीवर बसले, त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली. आधी नाडीवर बोटं ठेवून बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं. काटा खाली येत होता. एकशे नव्वदला नाडी बोटांना लागली, म्हणजे वरचं बीपी एकशे नव्वद. तेवढ्यात दादांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी हात ओढून घेतला. पट्टा चर्रकन सुटला.

"राहू दे पोरी. दुसऱ्या कुणाला धाड," ते म्हणाले. आवाज अगदी गोड. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उत्तर तरी देता येतं.

आमचे सर अंगणातच होते. त्यांनी सगळं बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, तू बुद्धविहाराकडची घरं घे, तिथं लोक तुझ्याशी मोकळं बोलतील. दादांचं घर त्यांनी वर्गातल्या एका मुलाला दिलं. तो ओसरीवर बसला, चहा प्याला आणि पट्टा न बांधताच वहीत लिहून मोकळा झाला: १३०/८०. मी बघत होते. खरा आकडा फक्त माझ्या बोटांना माहीत होता, आणि मी तोंड उघडलं नाही. त्या सोग्यापेक्षा याची लाज मला जास्त वाटते, आजही.

परतीच्या बसमध्ये कुणी विषय काढला नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

मी शहागडची. माझे वडील, अप्पा, हायवेवर ट्रकचे पंक्चर काढतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, जाऊ दे बाई, तू शिकून घे.

"हात त्यानं काढला," ते म्हणाले. "तू कामून मान खाली घालून राह्यली?"

आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. राग होता, भीतीही होती. म्हातारा उद्या शेतात कोसळला तर वही सांगणार, बीपी बराबर होतं.

पुढच्या भेटीला सरांना म्हटलं, माझं घर मला परत पाहिजे. कॉलेजच्या यादीत ते माझ्याच नावावर आहे. सर म्हणाले, कशाला अंगावर ओढवून घेतेस. तोवर मी चालायला लागले होते. नाइलाजानं तेही मागून आले.

ओसरीवर दादा होते, दारात त्यांची सून. मी पट्टा उलगडला.

"दादा, मागच्या खेपेला तुमचं बीपी एकशे नव्वदला लागलं होतं. वहीतला आकडा खोटा आहे. हात द्या."

सून सासऱ्याकडे बघायला लागली. दादांनी हात मांडीखाली घेतला.

"न्हाई."

मी पायरीवर बसले, वही उघडली आणि बीपीच्या रकान्यात लिहिलं: मोजू दिलं नाही. कारण, विद्यार्थिनीची जात. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. सुनेला म्हटलं, ताई, यांना आजच सरकारी दवाखान्यात न्या. तिनं मान हलवली.

सर खाली वाकले. हळूच म्हणाले, "खोड ते. असं लिहीत नसतात."

"तुम्ही खोडा, सर. खाली सही करा."

मी पेन पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

अजून अडीच वर्षं ते घर माझ्याकडे आहे. दर खेपेला मी जाणार. पट्टा उलगडणार, हात मागणार. दिला तर आकडा लिहीन. नाही दिला तर कारण लिहीन. रकाना कोरा सोडणार नाही आणि घर बदलून घेणार नाही.