काळं पुस्तक आणि पावशेर जिरं

माझं लग्न जिऱ्यापायी मोडता मोडता राहिलं.

मानपान नाही, पत्रिका नाही, जिरं! आपण फोडणीत घालतो ते. लोकांना हे सांगितलं की ते आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग बायकोच्या. बायको मान हलवते, तेव्हा कुठे त्यांना पटतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, म्हणजे फोन करायला लोक घराबाहेर पडत तेव्हाची. कळंबला हायवेच्या कडेला माझा एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात गिऱ्हाईक ओरडत बसायचं आणि बाहेर मी वाचत बसायचो. वाचायचो काय, तर जितकं काळंकुट्ट तितकं बरं! मेलेले ग्रह, माणसं गिळणारी यंत्रं, शापित राज्यं, आरशातून बाहेर पडणारे हात. नायक शेवटी सुखरूप घरी पोचला की माझी फसवणूक झाल्यासारखं वाटायचं. वर्ष संपलं की त्या वर्षी वाचलेल्यातलं सगळ्यात भारी काय, हे मी कुणालाही ऐकवायचो. (ऐकणारं कुणी नसायचंच. ज्याचा फोन लागत नसे त्याला ऐकावं लागे.)

"दिल्या," आई म्हणायची, "हितला तरास पुरंना म्हनून आबाळातला आनतुयास व्हय?"

अशा मुलाला मुलगी कोण देणार, ही तिची काळजी होती. पण दिवाळीनंतर आम्ही डिंगोऱ्याला सुनंदाला बघायला गेलो आणि चमत्कार झाला. पोह्यांबरोबर नेहमीचे प्रश्न झाले. तिच्या मामांनी आमच्या विहिरीचं पाणी विचारलं, माझ्या चुलत्यांनी त्यांच्या कांद्याचा भाव विचारला. सुनंदाचे वडील, तात्या, भिंतीला टेकून गप्प बसलेले. मिशा अशा की समोरच्यानं आपोआप मांडी सावरून बसावं. एकाएकी ते माझ्याकडे वळले.

"औंदा काळं काय काय वाचलं?"

आमचे चुलते पोह्यांचा घास हातातच धरून थांबले. मी मात्र ओळखलं. हा आपला माणूस!

"'मेलेल्या ताऱ्यावरची शाळा'," मी म्हणालो. "आणि 'विहिरीतला दुसरा चंद्र'."

"चंद्राचा शेवट फसलाय."

"फसलाय नाही तात्या, घाई झालीय. चांगली पन्नास पानं माणसाला विहिरीत लोंबकळत ठेवायचं आणि दोन ओळींत वर काढायचं, हे काय झालं?"

तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुनंदाच्या मामांकडे पाहून म्हणाले, "सुपारी फोडा."

मुलीला कुणी काहीच विचारलं नाही. (नंतर तिनं मला त्याबद्दल पुष्कळ विचारलं.)

निघताना तात्या आतून एक बाड घेऊन आले. कुठल्याशा साप्ताहिकात वर्षभर चाललेली काळी कादंबरी त्यांनी दर आठवड्याला कापून ठेवली होती, कोपऱ्यात लाल शाईनं आकडे घातले होते, दाभणानं शिवली होती आणि वरून वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. नाव, 'सातव्या अंधाराचे पाहुणे'. ते साप्ताहिक बंद पडलेलं. दुसरी प्रत शोधून सापडायची नाही.

"आजवरचं समद्यात भारी काळं हेच," ते म्हणाले. "म्हैन्याभरानं येतो. शेवट कसा वाटला ते सांगा."

दुसऱ्याच दिवशी सुनंदाचा बूथवर फोन. "अहो, ते पुस्तक जपा. थोरल्या ताईच्या वेळी पहिल्या पावण्यांनी त्याच्यावर च्या सांडला व्हता."

"मग?"

"मग दाजी दुसरे आले."

त्या दिवसापासून मी ते बाड असं जपलं की विचारू नका. बूथवर नेताना पिशवीत, घरी आणल्यावर उशाखाली. साबणानं हात धुतल्याशिवाय पान उलटत नसे. वाचतही जपूनच होतो, पुरवून पुरवून, म्हणून अर्ध्यावरच पोचलो होतो. आणि एका सोमवारी पिशवी न्यायची विसरलो.

दुपारी घरी आलो, उशी उचलली. खाली गादी!

"आई, इथलं पुस्तक?"

"पुस्तक कुठं? पेपरचा गठ्ठा व्हता. रद्दीत घातला. कांतीशेठकडं."

तिचंही काय चुकलं? वर पेपर, आत पेपरासारख्या रकान्यांची पिवळी पानं. आमच्याकडे अशा वस्तूला एकच जागा, किराणा दुकानातली पुड्यांची टोपली. मी चपला न घालता धावलो.

कांतीशेठांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ स्वतः आमच्याहून जास्त कळंबचे. गल्ल्यावर बसून पुड्या बांधत होते. मला बघताच म्हणाले, "ये दिलीप. काय राव तुमची रद्दी! कुनी शिवली व्हती ती? दोरा काढता काढता बोटं सुजली."

"पानं कुठायत?"

शेठांनी हातानं गावाकडे एक मोठा गोल काढला. तूरडाळ, साखर, हळद, शेंगदाणे, सगळ्यांतून तात्यांची कादंबरी गावभर गेली होती. उरलेली पानं? "जिऱ्याला घेतली. बारीक पुड्यांना तो कागद ब्येस हाय." समोर जिऱ्याच्या पुड्यांची चळत होती. मी ती सगळी विकत घेतली. घरी आईनं विचारलं, "जिऱ्याचं लोनचं घालायचंय का?"

मी पुड्या सोडत होतो, आकडे लावत होतो, आई जिरं पातेल्यात ओतत होती. पातेलं भरलं, मग हंडा काढला. तरी निम्मी पानं गावात! मी घरोघर फिरायला लागलो. "काकू, सकाळच्या डाळीचा कागद आहे का?" काकू संशयानं बघायच्या. धडधाकट माणूस डाळ मागत नाही, डाळीचा कागद मागतोय!

पण खरा घोटाळा निराळाच होता. पुडीचा कागद म्हणजे वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात आलेलं म्हणजे खरं, हा आमच्याकडचा पक्का हिशेब. आणि सुट्या पानावर कादंबरीचं नाव कुठे असतं? साखरेच्या पानावर लिहिलेलं असं: ते उसात उतरले आहेत. बोलणं आपल्यासारखं, चालणं आपल्यासारखं, पाहुणे म्हणून येतात. फक्त त्यांची सावली पडत नाही.

त्यात तेव्हा उसात बिबट्या निघायला लागला होता. लोक आधीच धास्तावलेले.

"बिबट्या न्हाईच त्यो!" पारावर कुणीतरी जाहीर केलं. "पेपरात आलंय. त्ये वरनं आल्यात."

"कंच्या पेपरात?"

"शेंगदान्याच्या."

झालं! गाव एकमेकांच्या पायांकडे बघून चालायला लागलं. शेजारच्या गंगूमावशींनी आपल्या सख्ख्या जावयाला अंगणात उन्हात उभा करून मग घरात घेतला. मी ओरडून सांगत होतो, "अहो, ही गोष्ट आहे! कादंबरी!"

"मग तू कशाला कागद गोळा करतुयास?" पाटलांचा बबन म्हणाला. "सरकारनं सांगितलंय का दाबायला?"

लोकांनी पानं द्यायचंच बंद केलं. शेवटी तोड निघाली ती अशी, की मागचं-पुढचं सांगितलं तर पान मिळेल. मग मी एकेका चुलीपुढे बसून कथा सांगायचो आणि हळदीनं माखलेलं पान घेऊन उठायचो. गंमत म्हणजे भीती ओसरली आणि चटक लागली! दुकानात ऐकू यायला लागलं, "शेठ, पाव किलो साखर. पन त्या बाईची सावली गेली, त्याच्या फुडलं पान द्या." शेठांनाही चटक लागलेली. दुपारी दुकान अर्धं लावून ते माझ्याकडे यायचे. "शेवट सांग रे. त्यो मास्तर वाचतो का?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? सगळी पानं जमली, नंबर जुळले, माझ्या जिवात जीव आला. फक्त शेवटचं पान नव्हतं. मास्तर कंदील घेऊन उसात शिरतो, मागून कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं, आणि पुढे काही नाही! मी परत जिरं आणलं. मोहरी आणली. शेठांच्या गोदामात पोत्यांखाली रांगलो. गावातल्या सगळ्या बायकांनी आपापले डबे शोधले. पान नाही म्हणजे नाही.

आणि सुनंदाचा फोन आला. "अहो, तात्या निघाले. जीपनं नारायणगावात पोचले बी असतील. पुस्तक नीट हाय ना?"

"अगदी घरच्यासारखं आहे," मी म्हणालो. (जिऱ्याचा वास येत होता, हे फोनवर कळत नाही, ही त्या यंत्राची कृपा.)

त्या दिवशी नेमके ढग आले होते. डिसेंबरातले ढग, द्राक्षवाल्यांचा जीव वरखाली करणारे. कुणाचीच सावली पडत नव्हती. तात्या स्टॉपवर उतरले, पांढरं धोतर, काळ्या मिशा, अनोळखी तोंड. चटक लागली तरी थोडी भीती शिल्लक होतीच. बबननं त्यांची वाट अडवून नमस्कार केला.

"राम राम पावणं. जरा हितं थांबा."

"का?"

"ऊन पडस्तोवर."

तात्यांना अर्धा तास चांगला कडुनिंबाखाली थांबवला. चहा दिला, मान दिला, पण हलू दिलं नाही. मी धापा टाकत पोचलो तेव्हा गंगूमावशी त्यांच्या पायाशी वाकून जमीन तपासत होत्या आणि तात्या आभाळाकडे बघत होते.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "ह्या गावाला माझ्या पुस्तकातलं कसं ठावं?"

घरी आणलं. ओसरीवर तात्या बसले, पुढ्यात मी सुतळीनं बांधलेला गठ्ठा ठेवला. एक पान हळदीचं, एक तेलकट, एकावर गुळाचा खडा चिकटलेला. दारात कांतीशेठ, बबन, गंगूमावशी, निम्मी आळी. तात्यांनी चहाला हात लावला नाही. थोरल्या ताईच्या पहिल्या पाव्हण्याकडून नुसता चहाच सांडला होता, हे मला आठवलं. सुनंदा हातची गेली!

"वाचलं का समदं?"

"वाचलं!"

"शेवट कसा वाटला?"

इथे मी 'शेवटचं पान हरवलं' एवढं म्हणालो असतो तर चाललं असतं. पण वर्षानुवर्षं काळं वाचल्याचा माज अंगात होता. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. मास्तर वळतो, कंदील विझतो, ऊस पेट घेतो, पाहुण्यांची राख होते, मास्तर सकाळी गावात येतो आणि बघतो तर त्याचीच सावली नाही!

"लई भारी!" बबननं टाळी वाजवली.

"असं न्हाई ते," कांतीशेठ पुढे आले. "मी वाचलंय की. त्या बाईची सावली परत येते."

"तुमी चुकीचं वाचलं शेठ," गंगूमावशी म्हणाल्या. "देवी येती. माझ्या मोहरीच्या कागदात व्हतं." मावशींना वाचता येत नव्हतं!

तात्या एकेकाकडे बघत होते. इतक्यात आई आतून पदराला हात पुसत आली.

"पावणं, ह्यो गठ्ठा मी रद्दीत घातला," ती म्हणाली. "मला रद्दीच वाटली. पोरानं गावभर हिंडून गोळा केलाय, शेवटचं पान घावलं न्हाई. शेवट कुनालाच ठाव न्हाई. रागवायचं तर माज्यावर रागवा."

मी जमीन दुभंगायची वाट बघत राहिलो. तात्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि घडी केलेलं एक पिवळं पान काढलं. कोपऱ्यात लाल शाईचा आकडा.

"शेवटचं पान मी शिवतच न्हाई," ते म्हणाले. "ज्यानं खरं वाचलं त्यो इचारायला येतो, शेवट कुठाय म्हनून. थोरलीच्या येळचा पयला पावना बी असाच मनानंच समद्यांची राख करून गेला व्हता. च्या सांडला, त्याचं मला काय न्हाई."

शेठ आपल्या चपला शोधायला लागले.

मग तात्या आईकडे वळले. "लगीन व्हनार. पन पोरगी मी ह्यांच्या भरवशावर देत न्हाई, बाई. तुमच्या भरवशावर देतोय." आणि ते पान त्यांनी तिच्या हातात ठेवलं. तिनं तिथेच, बोट फिरवत फिरवत, सावकाश वाचलं. एकदा थबकली, हातानं तोंड झाकलं, पुन्हा वाचलं आणि घडी करून कनवटीला लावलं. तात्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

लग्न थाटात झालं. आमटीपासून भातापर्यंत सगळ्यात जिरं होतं.

दरवर्षी डिसेंबरात तात्या येतात, औंदाचं काळं काय काय ते सांगून-ऐकून होतं, आणि त्या पुस्तकाचा विषय निघाला की मिशीतल्या मिशीत म्हणतात, "त्याचा शेवट काय, तुमाला ठावंच हाय." सुनंदानं ते पान आईकडून मागून वाचलं. गंगूमावशींना तिनं वाचून दाखवलं. मी एकदा धीर करून आईला विचारलं, "काय होतं गं शेवटी?"

"आता गं बया," आई म्हणाली, "समद्यांदेखत तूच सांगितलास न्हवं?"

तेव्हा मी आजवर वाचलेल्यातलं सगळ्यात भारी काळं पुस्तक कोणतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्यात शेवटी काय होतं, ते मात्र आमच्या घरात कुणालाही विचारा, मी सोडून!